पेशीतला ताण आणि चमकणारा ठिपका

थंडी सरली की घरातल्या शाली, स्वेटर आणि गोधड्या पेटीत जातात आणि त्यांच्या घड्यांमध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्या जातात. मध्येच घरात बाळ जन्मले तर पेटी उघडली जाते आणि त्याच वासाच्या दुपट्यात बाळाला गुंडाळले जाते. बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही. एखाद्या बाळाला मात्र काही दिवसांत गडद कावीळ होते, लघवी काळपट होते आणि अंग पांढरे पडू लागते. गोळी तीच, दुपटे तेच. मग एका बाळाला काहीच न होता दुसरे इतके आजारी का पडते?

डांबराच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या म्हणजे नॅप्थॅलीन. (आता दुसऱ्या रसायनांच्या गोळ्याही त्याच नावाने विकल्या जातात.) नॅप्थॅलीनची वाफ शरीरात गेली की त्यापासून जी द्रव्ये तयार होतात ती रक्तातल्या तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकारक ताण आणतात. बहुतेकांच्या पेशी तो सोसतात. काहींच्या पेशींना तो सोसवत नाही आणि त्या फुटतात. बाहेरून पाहता दोन्ही बाळे सारखीच दिसतात, इतकेच काय, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तांबड्या पेशीही ताण येण्यापूर्वी सारख्याच दिसतात. मग हा फरक दिसणार कसा? त्यासाठी शास्त्रज्ञांनी प्रकाशाची एक युक्ती वापरली. तीच युक्ती आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींमधला ताण पाहण्यासाठी वापरली जाते आणि तिच्यावरून चुकीचे निष्कर्षही बरेच काढले जातात. या लेखात आम्ही दोन्ही बाजू मांडणार आहोत.

आधी हा ताण म्हणजे काय ते पाहू. आपण श्वासाबरोबर घेतलेल्या ऑक्सिजनच्या रेणूला पाणी होण्यासाठी चार इलेक्ट्रॉन लागतात. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये हे चार इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा नीट पोचतात. पण काही वाटेत गळतात आणि ऑक्सिजनला एकेकटे भेटतात. एक इलेक्ट्रॉन मिळाला की सुपरऑक्साइड, दोन मिळाले की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तीन मिळाले की हायड्रॉक्सिल हा अत्यंत खवळलेला मूलक तयार होतो. तो समोर येईल त्या रेणूतून हायड्रोजन हिसकावतो, मग ते पेशीपटलातले मेद असो, प्रथिन असो वा डीएनए.

पेशी अर्थातच हातावर हात ठेवून बसत नाही. बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की फेस येतो, हा प्रयोग शाळेत आपण करतोच. तो फेस कॅटॅलेज या विकराने मोकळ्या केलेल्या ऑक्सिजनचा असतो. सुपरऑक्साइडची विल्हेवाट लावणारे विकर मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवून दिले. हल्ला आणि बचाव यांच्यातला तोल हल्ल्याच्या बाजूला झुकला की त्याला ऑक्सिडीकारक ताण म्हणायचे, अशी मांडणी जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ साली केली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे मूलक म्हणजे निव्वळ विष नव्हे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी ते मुद्दाम तयार करतात आणि पेरॉक्साइडचा उपयोग पेशी निरोपासारखाही करतात. 'मूलक वाईट, अँटिऑक्सिडंट चांगले' हे टॉनिकच्या खोक्यावरचे शास्त्र आहे, पेशीतले नाही.

हे रेणू अत्यल्प प्रमाणात असतात, आणि हायड्रॉक्सिल तर सेकंदाच्या अब्जांश भागापुरताच जगतो. त्यांना बाटलीत पकडून तोलता येत नाही. म्हणून त्यांचा माग काढण्यासाठी चमकणाऱ्या रंगांचा उपयोग करतात.

काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या, अधिक तरंगलांबीच्या रंगाचा प्रकाश लगेच बाहेर टाकतात. याला आम्ही येथे प्रतिदीप्ती म्हणतो. मराठीत त्यासाठी एकाहून अधिक शब्द आढळतात, शिक्षकांनी आपल्या सवयीचा घ्यावा. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली क्विनीनच्या द्रावणाचा अभ्यास करून या घटनेचे स्पष्टीकरण दिले. हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीत बसून हा लेख लिहिताना आम्ही मुद्दाम गावात मिळतील अशाच वस्तूंचा विचार केला. खोट्या नोटा ओळखण्यासाठी दुकानदार जो जांभळा छोटा दिवा वापरतात तो घ्यावा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी पाण्यात कुस्करून ते पाणी गाळून घ्यावे. अंधारात दिवा धरला की पाणी पिवळट हिरवे चमकते. ती चमक रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची. पालकाची पाने स्पिरिटमध्ये खलून मिळणारा हिरवा अर्क त्याच दिव्याखाली तांबडा दिसतो, ही हरितद्रव्याची चमक. चिमूटभर हळद एका भांड्यात पाण्यात व दुसऱ्यात स्पिरिटमध्ये ढवळावी. स्पिरिटमधली हळद हिरवट पिवळी झगझगते, पाण्यातली जेमतेम. (स्पिरिट पेट घेते, जवळ ज्योत नको. आणि दिव्याकडे कोणी थेट पाहू नये.)

जिल्ह्याच्या गावाहून टॉनिक वॉटरची बाटली आणता आली तर आणखी एक प्रयोग जरूर करावा. त्यात थोडे क्विनीन असते, म्हणून ते दिव्याखाली निळे चमकते. आता त्यात चमचाभर मीठ विरघळवा. चमक मंदावते. क्विनीन कोठेही गेलेले नाही, ते तेवढेच आहे. मिठातले क्लोराइड आयन त्याने शोषलेली ऊर्जा प्रकाश होण्याआधीच काढून घेतात. हळदीच्या प्रयोगातही हळद दोन्ही भांड्यांत सारखीच होती, फक्त भोवतालचा द्रव बदलला होता. म्हणजे चमक किती आहे यावरून पदार्थ किती आहे हे लगेच सांगता येत नाही. पुढचे समजण्यासाठी हे दोन्ही प्रयोग उपयोगी पडतात.

पेशीतला ताण पाहण्यासाठी सर्वांत जास्त वापरला गेलेला रंग म्हणजे डायक्लोरोडायहायड्रोफ्लुओरेसिन डायअॅसिटेट. नाव उच्चारताना दमछाक होते, म्हणून प्रयोगशाळेत त्याला डीसीएफ म्हणूनच ओळखतात. पेरॉक्साइडचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजण्यासाठी केस्टन आणि ब्रँट यांनी या रंगाचा वापर १९६५ साली प्रसिद्ध केला. त्याची रचना मोठी चतुराईची आहे. मूळ रंग चमकत नाही आणि त्याच्या अंगावर अॅसिटेटचे दोन गट असल्यामुळे तो मेदाच्या पेशीपटलातून सहज आत शिरतो. आत गेला की पेशीतली विकरे ते दोन गट कापून टाकतात. आता त्याला सहज बाहेर पडता येत नाही. अशा आत अडकलेल्या रंगाचे ऑक्सिडीकरण झाले की तो निळ्या प्रकाशात हिरवा चमकू लागतो. पेशींवर सुमारे ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकायचा आणि ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश मोजायचा. चमक वाढली म्हणजे ताण वाढला, असा सरळ हिशेब अनेक वर्षे मांडला गेला.

हिशेब इतका सरळ नाही. पेरॉक्साइड एकटे या रंगाला फारसे हात लावत नाही, त्याला लोह किंवा पेरॉक्सिडेजसारख्या विकराची मदत लागते. म्हणजे पेशीत पेरॉक्साइड तेवढेच राहून मोकळे लोह वाढले तरी चमक वाढेल. दुसरे म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या वाटेवर हा रंग स्वतःच क्षणभर मूलक बनतो आणि ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन नवे सुपरऑक्साइड तयार करतो, त्यापासून पुन्हा पेरॉक्साइड होते. चोर शोधायला ठेवलेला राखणदारच थोडी चोरी करतो म्हणा ना! तिसरे, सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशानेही त्याचे ऑक्सिडीकरण होते, म्हणून जास्त वेळ पाहत बसले की पाहण्यामुळेच चमक वाढते.

आता आपल्या हळदीकडे येऊ. सांगली आणि वसमतच्या हळदीचा आपल्याला अभिमान आहे, आणि हळदीतले कुरकुमिन अँटिऑक्सिडंट असल्याचे आपण सतत वाचतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात के. इंदिरा प्रियदर्शिनी यांनी कुरकुमिनच्या रसायनशास्त्रावर दीर्घकाळ काम केले आहे. ते मूलकांशी अभिक्रिया करते यात वाद नाही. पण पेशीत कुरकुमिन घालून त्याचा परिणाम डीसीएफने मोजायला गेले की पंचाईत होते. कुरकुमिन स्वतः निळ्या-जांभळ्या प्रकाशात हिरवट पिवळे चमकते, हे आपण स्पिरिटच्या भांड्यात पाहिलेच. त्याची चमक आणि रंगाची चमक एकाच खिडकीतून येतात. शिवाय ते निळा प्रकाश काही प्रमाणात स्वतः शोषून रंगापर्यंत कमी प्रकाश पोचू देते. म्हणजे एका कारणाने चमक खोटी वाढते, दुसऱ्या कारणाने खोटी घटते आणि यात पेशीचा संबंधच नसतो. त्यासाठी रंगाशिवाय नुसते कुरकुमिन घातलेल्या पेशी, कुरकुमिनशिवाय नुसता रंग घातलेल्या पेशी आणि दोन्ही नसलेल्या पेशी अशी तीन भांडी तरी शेजारी ठेवावी लागतात. 'प्रयोगात पेशींची चमक कमी झाली' एवढे वाचून कोणी औषध विकत असेल तर ही तीन भांडी कोठे आहेत, असे त्याला खुशाल विचारावे.

सुपरऑक्साइडसाठी डायहायड्रोइथिडियम हा लाल चमकणारा रंग वापरतात. त्याचीही गोष्ट अशीच आहे. सुपरऑक्साइडमुळे तयार होणारा पदार्थ आणि इतर कारणांनी तयार होणारा पदार्थ दोन्ही लाल चमकतात, ते रासायनिक रीतीने वेगळे केल्याशिवाय खरे काय ते कळत नाही. अलीकडे जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जातीची प्रथिने जनुकांच्या मार्गाने पेशीतच बनवून घेतात. जेलीफिशच्या त्या मूळ प्रथिनाच्या शोध-विकासाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २००६ साली आलेले 'हायपर' हे प्रथिन पेरॉक्साइडला बरेच निवडक आहे. २०२२ साली या क्षेत्रातल्या अनेक शास्त्रज्ञांनी मिळून 'नेचर मेटाबॉलिझम' या नियतकालिकात मोजमापाचे नियम मांडले. एका रंगाच्या चमकेवर विसंबून अमुक मूलक सापडला असे म्हणू नये, हा त्यांचा रोख आहे.

मग ही युक्ती फसवीच आहे का? तसे नाही. नेमका प्रश्न विचारला तर तिचे उत्तर नेमके येते, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण सुरुवातीच्या त्या बाळाच्या रक्ताचे आहे.

तांबडी पेशी अगदी विचित्र असते. तिला केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, आणि दिवसरात्र ऑक्सिजन वाहायचे काम मात्र तिच्याकडे. तिचा मुख्य पहारेकरी म्हणजे ग्लुटाथायॉन हा छोटा, गंधकयुक्त रेणू. तो आपला हायड्रोजन देऊन पेरॉक्साइडचे पाणी करतो. तसे करताना दोन ग्लुटाथायॉन एकमेकांना चिकटून निकामी होतात. त्यांना पुन्हा सुटे करून कामाला लावण्यासाठी एनएडीपीएच नावाचा रेणू लागतो. पहारेकऱ्याची शिदोरीच ती. इतर पेशींना ही शिदोरी मिळवण्याचे दोन-तीन मार्ग आहेत, तांबड्या पेशीला मात्र एकच, ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज या विकराचा. त्याला थोडक्यात जी-६-पीडी म्हणतात. ज्यांच्यात हे विकर कमी असते त्यांच्या पेशींचे एरवी भागते. पण नॅप्थॅलीन किंवा काही औषधे यांमुळे ताण वाढला की शिदोरी संपते, हिमोग्लोबिनच्या गुठळ्या होतात, प्लीहा त्या पेशी अडवते आणि पेशी फुटतात. कावीळ आणि काळपट लघवी त्यामुळेच.

हे कोडे सुटले ते मलेरियाच्या औषधामुळे. प्रायमाक्विन हे औषध काही लोकांचे रक्त का फोडते याचा शोध अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग करून घेतला गेला, आणि १९५६ साली कार्सन, आल्व्हिंग आदींनी जी-६-पीडीची कमतरता हे त्याचे कारण दाखवले. कैद्यांची संमती कितपत मोकळी असू शकते, हा प्रश्न त्या शोधाबरोबर कायमचा जोडला गेला आहे आणि तो वर्गात चर्चेला घ्यावा असे आम्हाला वाटते. आपल्याकडे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत बक्षी, बालकृष्णन आणि संघवी यांनी या कमतरतेची नोंद केली, पुढे पारशी समाजात तिचे प्रमाण लक्षणीय असल्याचे त्यांच्या गटाने दाखवले. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेने त्यानंतर देशभरातल्या अनेक समाजांची तपासणी केली आहे. भारतातल्या वेगवेगळ्या गटांत हे प्रमाण शून्यापासून सुमारे २७ टक्क्यांपर्यंत आढळते. जगात अशा व्यक्ती सुमारे ४० कोटी असाव्यात असा अंदाज आहे.

प्रत्येकाचे विकर मोजणे खर्चाचे काम. १९६६ साली अर्नेस्ट ब्यूटलर यांनी त्यावर साधा उपाय काढला. एनएडीपीएच हा रेणू अतिनील प्रकाशात निळसर चमकतो, पण त्याचे रिकामे रूप, एनएडीपी, चमकत नाही. म्हणजे येथे बाहेरचा रंग घालायचीच गरज नाही, पेशीची शिदोरी स्वतःच दिवा आहे. रक्ताचा सुमारे १० मायक्रोलीटरचा थेंब एका द्रावणात टाकतात. द्रावणात पेशी फोडणारे सॅपोनिन, विकराला लागणारा कच्चा माल ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि चमक नसलेला एनएडीपी असतो. लगेच, पाच मिनिटांनी आणि दहा मिनिटांनी या मिश्रणाचा एकेक थेंब गाळणकागदावर ठेवतात, वाळवतात आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पाहतात. विकर ठीक असेल तर ठिपके उत्तरोत्तर उजळत जातात. विकर नसेल तर ठिपका काळाच राहतो. थोडेसे विकर असलेले रक्त उगाच चमकून फसवू नये म्हणून १९६८ साली द्रावणात निकामी ग्लुटाथायॉनही घालण्याची सुधारणा झाली. किरकोळ तयार होणारे एनएडीपीएच त्यात खर्च होते आणि हो-नाहीतला फरक ठळक होतो.

गंमत पाहा, डीसीएफमध्ये चमक म्हणजे हल्ला आणि येथे चमक म्हणजे बचाव. धोका आहे तो न चमकणाऱ्या ठिपक्यात.

व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियात यकृतात दडलेले परजीवी मारण्यासाठी आपल्याकडे प्रायमाक्विन १४ दिवस देतात. जी-६-पीडीची कमतरता असलेल्यांना ते तसे देऊ नये, असे राष्ट्रीय धोरणातच आहे. कुष्ठरोगावरच्या औषधांतले डॅप्सोनही अशा रुग्णांत जपून वापरावे लागते. अर्थात हे वाचून कोणी आपली चालू गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. कमतरता असलेले बहुतेक लोक काय टाळायचे हे माहीत असले की निरोगी आयुष्य जगतात. भूमध्य समुद्राकाठी फाबा नावाच्या शेंगांमुळेही असा त्रास होतो. हिंदीत तिला बाकला म्हणतात. आपला पावटा किंवा वाल ही वेगळी वनस्पती आहे, तेव्हा वालाच्या उसळीला घाबरण्याचे कारण नाही.

हा ठिपकाही वाचताना जपावे लागते. विकर पेशीच्या वयाबरोबर कमी होत जाते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि ताण आला की म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात. म्हणून रुग्णाला कावीळ झाल्यावर लगेच रक्त तपासले तर मागे उरलेल्या तरुण पेशींमुळे ठिपका चमकू शकतो आणि 'सर्व ठीक' असा अहवाल येतो, तोही नेमका त्याच माणसाचा ज्याला त्रास झाला! अशा वेळी काही आठवड्यांनी, साधारण तीन महिन्यांनी, तपासणी पुन्हा करतात. उलट, रुग्णाला तीव्र पंडुरोग असेल तर थेंबात पेशीच कमी असतात आणि विकर ठीक असूनही ठिपका मंद दिसतो. उष्णतेने विकर बिघडते. मे महिन्यात बेंबळीहून धाराशिवला नमुना पाठवायचा तर तो थंड पिशवीतच हवा, नाहीतर वाटेत मेलेल्या विकराचा दोष माणसाच्या माथी बसेल. प्रत्येक तपासणीत शेजारी एक नक्की चांगले आणि एक नक्की कमतरतेचे रक्त ठेवतात ते याचसाठी.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. या विकराचे जनुक क्ष गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे ते एकच, म्हणून त्याचा ठिपका बहुधा स्पष्ट हो किंवा नाही सांगतो. स्त्रीकडे दोन क्ष गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातले एकच चालू राहते. एक जनुक सदोष असलेल्या स्त्रीच्या रक्तात काही पेशी पूर्ण सक्षम, तर काही जवळजवळ रिकाम्या असतात. सगळ्यांचे मिश्रण थेंबात येते आणि ठिपका चमकतो. ही तपासणी साधारणपणे ३० टक्क्यांहून कमी विकर असलेलेच रक्त वेगळे काढते, मग अर्धे विकर असलेली स्त्री त्यातून सुटते. टॅफेनोक्विन हे नवे औषध एकाच मात्रेत देतात, शरीरात ते बराच काळ टिकते आणि एकदा गिळल्यावर थांबवता येत नाही. त्यासाठी ७० टक्क्यांहून अधिक विकर असल्याची खात्री करावी लागते. तेवढे सांगणे कागदावरच्या ठिपक्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून तेथे विकराची क्रियाशीलता आकड्यात दाखवणारी, हातात मावणारी उपकरणे वापरतात.